हनन्याची दोन वर्षं

या मार्चमध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांच्या मृत्यूला 200 वर्षं पूर्ण झाली. नाशिकहून मुंबईला परतताना पटकीनं त्यांना वाटेतच गाठलं. बेचाळिसावं अजून पुरं व्हायचं होतं. ज्या मराठी नव्या करारासाठी त्यांनी आयुष्य झिजवलं, तो त्याच 1826 साली मुंबईत छापून निघाला. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आठवण ठेवावी असं हे वर्ष. आमच्या मंडळीत ती कोणाला झाली नाही. मार्चमधल्या एका रविवारी वेदीपुढे पाहुणे उपदेशक उभे होते, मागच्या फ्लेक्सवर 'तुमच्या विजयाचं वर्ष' असं छापलेलं होतं, आणि ईस्टरच्या आत प्रत्येकाच्या प्रार्थनेचं उत्तर येणार असं त्यांनी माईकवरून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मला अजून बोचतात. ज्या लोकांनी दुष्काळ काढले, मुलं मातीत ठेवली, पगारावाचून शाळा चालवल्या आणि तरी रविवारी सकाळी देवळात येऊन बसले, त्यांचीच ही नातवंडं. तारखेचा वायदा ऐकून टाळ्या वाजवायला ती कधीपासून लागली, हे मला शोधायचं आहे.

यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन हल्ली प्रत्येक ख्रिस्ती घरात दिसतं. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, गाडीच्या मागच्या काचेवर. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच विचार आहेत, असा त्याचा आशय. मलाही ते फार प्रिय आहे. पण त्याच्या लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षं लिहिलेली आहेत, ती कोणी छापत नाही. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पत्र धाडलं : घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटका आहे, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण ती पाहायला उरणार नव्हते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल; मंदिराची पात्रं, राजा, बंदिवान, सगळं. यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून तो ते मोडूनही दाखवतो. यिर्मया आधी आमेनच म्हणतो, कारण ते खरं व्हावं असं त्यालाही मनापासून वाटत होतं. पण देवानं त्याला सांगितलेला आकडा सत्तरच होता.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला सुरुवातीपासून यिर्मयाचा आकडा आला. हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात तेव्हा लढाई जुंपलेली. दोघे गलबतानं कोचीपर्यंत निसटले, तिथून त्यांना पुन्हा मुंबईत आणलं गेलं, गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या झाल्या, तेव्हा कुठे राहायची परवानगी मिळाली. पुढे वर्षानुवर्षं हाताला काही लागल्याचं दिसत नव्हतं आणि ते भाषांतर करत राहिले. अहमदनगरचं ठाणं उघडलं 1831 मध्ये. हॉलना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. फेब्रुवारी 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची काही वर्षं ताटातुटीत गेली. टिळक 1919 साली वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरंच होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.

पंडिता रमाबाईंपाशी मात्र मला थोडं थांबू द्या. दुष्काळात आईवडील गेले, 1882 साली पटकीनं नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुलीबायकांचा प्रपंच सांभाळत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल आणत राहिल्या. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायका मुक्तीतल्याच. जिच्या हाती काम सोपवायचं ती मनोरमा 1921 साली त्यांच्याआधी गेली. रमाबाई स्वतः एप्रिल 1922 मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये. देवाच्या हाती सत्ता आहे असं म्हणणाऱ्या बाईनं मुलगी पुरल्यावरही मुद्रितं तपासली, हे आमच्या तरुणांना कोणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या बायबलची शंभरी होती, तीही अशीच गेली.

त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांचं मला फारसं काही वाटत नाही. कमिट्या, उपकमिट्या, मालमत्तेच्या याद्या, कोणता बंगला कोणाला. मंडळीच्या स्मरणिकेसाठी ती इतिवृत्तं मी वाचली आहेत. त्यांत देव क्वचितच भेटतो.

मी पाहिलेलं दशक 1970 चं. नेवासे तालुक्यातलं आमचं गाव, अप्पा मिशन शाळेत मास्तर, घर देवळाला लागून. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. त्या दशकाची सुरुवात मोठ्या आनंदाची होती. उत्तर भारतातल्या मंडळ्या एक व्हाव्यात म्हणून बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये. मसुदे झाले, फेटाळले गेले, पुन्हा झाले. अखेर रविवारी 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि तीही मेथडिस्टांच्या मोठ्या गटाला सोडून. तो गट अगदी शेवटच्या घडीला बाहेर राहिला. नागपूरला जायला आमच्या पाळकसाहेबांकडे गाडीभाडं नव्हतं. त्यांनी त्याच रविवारी गावच्या देवळात घंटा वाजवून प्रभुभोजनाची उपासना घेतली. अप्पा घरी येऊन आईला म्हणाले, "ज्यांनी हे काम सुरू केलं त्यांतले किती उरले असतील गं?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एकेचाळीस वर्षं चाललेल्या कामाचा त्यांना अभिमान वाटत होता.

मग पाऊस गेला. आधीची दोन वर्षंही तोंडदेखलीच होती, पण 1972 साली आभाळानं काहीच दिलं नाही. विहिरींचे तळ दिसले, गुरं छावणीत गेली, माणसं दुष्काळी कामावर. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्यात आमची आई होती, आत्या होती, शाळा सुटल्यावर मी होते. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, गुडघ्याखाली गोणपाट, हातात हातोडी, डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून पदर ओढून घेतलेला. रेशनवर मिळायची लाल मिलो ज्वारी. तिच्या पिठाला चिकाटी नसते. आई उकळतं पाणी घालून मळायची, तरी थापताना कडा फुटायच्या आणि तव्यावर पडली की भाकरी मधोमध तडकायची. ती तडकलेली भाकरी हातात घेऊन अप्पा रोज उपकारस्तुती करायचे, आणि आम्ही आमेन म्हणेपर्यंत कोणी तुकडा मोडायचा नाही.

पाळकसाहेबांनी त्या काळात दर रविवारी पावसासाठी प्रार्थना केली. वर्षभर. एकदाही तारीख सांगितली नाही. गावातला एक म्हातारा त्यांना पाझर तलावाच्या कामावर सगळ्यांसमोर विचारता झाला, "पाळकसाहेब, तुमचा देव पाऊस देणार कधी?" ते स्वतः पाटी उचलत होते. म्हणाले, "मला नाही ठाऊक, आबा. पण पडेल तेव्हा पाणी साठायला जागा पाहिजे ना? हात चालवू या." आमच्या गावचा तो तलाव आजही आहे. त्याच्या भिंतीत पाळकसाहेबांच्या पाट्यांची माती आहे.

घरोघरी वचन शिकवणाऱ्या आमच्या बायबलबाईही तिथेच असायच्या. मिशनचा पगार तेव्हा येत नव्हता, म्हणून त्याही खडी फोडत. दुपारी मुकादमाची शिट्टी झाली की बायका भाकरी सोडायच्या. या मात्र एक सपाट दगड पुढे ओढायच्या आणि कोळशानं त्यावर दोन अक्षरं काढायच्या. रोज दोनच. पुसायची, पुन्हा काढायची. ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती, ज्या बसतील त्यांना शिकवायच्या. उन्हाळा संपेतो पाच-सात बायका हजेरीपटावर अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. मुकादमाला ते आवडलं नाही, कारण सही करणारी बाई आकडाही वाचते.

त्याच उन्हाळ्यात आमची धाकटी हगवणीनं गेली. एका रात्रीत. मंडळीतल्या एका पंचांनी दारात उभं राहून आईला सांगितलं की देवाला फूल आवडलं, देवानं नेलं. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली. त्या माणसाशी ती पुन्हा कधी मोकळेपणी बोलली नाही. पाळकसाहेब आले ते काहीच बोलले नाहीत. अंधार पडेपर्यंत ओट्यावर अप्पांशेजारी बसले, मग उठून टँकरच्या रांगेतून दोन हंडे आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी स्मशानभूमीत त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. सगळ्या स्तोत्रांत ते एकच असं आहे की जे शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं. पुढे आशेचं एखादं वचन जोडावं असं त्यांना वाटलं नाही. आई रविवारी देवळात गेली. तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, ते स्तोत्र बायबलात आहे म्हणून मी गेले. माझं बोलणं आधीच कोणीतरी देवापुढे बोलून ठेवलं होतं.

देवाच्या हाती सगळं आहे यावर विश्वास ठेवणं मी या तीन माणसांकडून शिकले. पाटी उचलणाऱ्या पाळकाकडून, कोळशानं अक्षरं काढणाऱ्या बाईकडून आणि 'का' या प्रश्नाचं उत्तर न मिळताही प्रार्थना न सोडणाऱ्या आईकडून. पाऊस 1973 साली आला, चांगला आला. पण तो आला म्हणून त्यांचा विश्वास खरा ठरला, असं मी म्हणणार नाही. तो आधीच खरा होता.

आता जुना हिशेब. देवाच्या नावावर खपवलेला प्रत्येक उशीर देवाचा नव्हता. माझा थोरला भाऊ 1974 साली मॅट्रिक झाला, गणितात हुशार. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, कारण दाखल्यावर 'ख्रिस्ती' लिहिलेलं होतं. ज्या वस्तीतून आमचे आजोबा आले, त्या वस्तीतल्या त्याच्या चुलत भावाला शिष्यवृत्ती मिळाली. पाणवठ्यावर दोघांना वागणूक एकच होती. हे सगळं 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदामुळे. अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना, आणि ख्रिस्ती व मुसलमान आजही बाहेर आहेत. तेच पंच तेव्हाही म्हणाले, देवाची इच्छा. अप्पा सहसा कोणाला उलटून बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले : "हे दिल्लीतल्या माणसांनी लिहिलंय, देवानं नाही. देवाला मधे आणू नका." त्यानंतर रात्री कंदिलाच्या उजेडात ते अर्ज लिहीत, खासदारांना, मंत्र्यांना, आयुक्तांना. भाऊ साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला आणि तिथेच त्याचं आयुष्य गेलं. सर्वोच्च न्यायालयात याचिका 2004 मध्ये गेली, रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 च्या अहवालात ही अट काढून टाकायची शिफारस केली, ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळाली. माझा भाऊ आता नाही.

आणि अप्पांचा फंड. ज्या संस्थेत ते आयुष्यभर शिकवत राहिले, तिच्या कचेरीत ते निवृत्तीनंतर खेटे घालत होते. तिथला कारकून त्यांना खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा आणि म्हणायचा, मास्तर, प्रार्थना करा, प्रभू वेळेवर देतो. कागद त्याच्याच टेबलाच्या खणात होता. पैसे आले तेव्हा अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. आईनं ते पैसे घेतले आणि पावतीवर सही केली. बायबलबाईंनी दगडावर शिकवलेली सही. विश्वासाच्या भाषेत बोलून माणसाचा हक्क बुडवणं हे पाप आहे, आणि आमच्या मंडळ्यांमध्ये ते कोणी पाप म्हणून मोजत नाही. संयमाचा उपदेश करणारा स्वतः काय अडवून बसला आहे, हे आधी पाहायला हवं.

त्या दशकाच्या शेवटाला परदेशी मिशनरी जवळजवळ सगळे परतले होते. आमच्या जवळच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टर मडम गेल्या त्या दिवशी बैलगाड्या भरून माणसं निरोपाला आली होती. दवाखाना काही वर्षं रखडत चालला. आता तिथे कुलूप आहे आणि जागेचा खटला आहे. तो खटलाही एखादा उपदेशक देवाची परीक्षा म्हणून सांगेल. ती परीक्षा नाही. तो माणसांचा लोभ आहे.

1980 नंतरचं थोडक्यात. मुलं पुण्यामुंबईला गेली, बायबलबाईंची जागा भरली गेली नाही, दर बुधवारची घराघरातली प्रार्थना महिन्यावर आली. मग टीव्हीवर उपदेशकांच्या वाहिन्या आल्या आणि पाठोपाठ त्यांच्यासारखं बोलणारे आमच्यात तयार झाले. पुढे मोबाइल आला. आता रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर एक वचन येतं, वर-खालच्या ओळी कापून. शोकाची स्तोत्रं उपासनेतून गेली. स्तोत्रसंहितेत ती इतकी आहेत, तरी आमच्या पियानोवर आणि ड्रमवर ती बसत नाहीत म्हणे. अब्राहामाला वचन मिळालं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा शंभर, हे शब्बाथशाळेतल्या मुलांना पाठ असतं. मधल्या पंचवीस वर्षांवर उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. योसेफाला प्यालेबरदार विसरला आणि तो आणखी दोन वर्षं तुरुंगात राहिला, ही दोन वर्षं आम्ही एका वाक्यात ओलांडतो. लाजर आजारी असल्याचा निरोप आल्यावर प्रभू येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. लाजराची बहीण मार्था त्याला तोंडावर विचारते, तू इथे असतास तर? तिचा हा प्रश्न त्यानं ऐकून घेतला. आमच्या सभांमध्ये तो विचारायची सोय उरलेली नाही.

मार्चच्या त्या सभेत माझ्या पुढच्या बाकावर आमच्या मंडळीतली एक आई बसली होती. तिच्या तरुण मुलाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ती स्वतः शब्बाथशाळेत शिकवते, दवाखान्यातल्या रांगेत इतर पेशंटांचे फॉर्म भरून देते. उपदेशक म्हणाले, ईस्टरपर्यंत ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांनी आपला विश्वास तपासावा. तिची मान खाली गेली ती उपासना संपेपर्यंत वर आली नाही. नंतर महिन्याच्या साक्षीच्या सभेत नोकरी मिळालेला बोलला, व्हिसा आलेला बोलला, प्लॉटचा सौदा झालेला बोलला. ही गप्प बसून होती. मी तिला विचारलं, तू का नाही उठलीस? ती म्हणाली, "बाई, माझ्याकडे अजून साक्ष नाही." मला त्या सगळ्या सभेत साक्ष दिसली ती तिच्याकडेच, पण हे सांगायची व्यवस्थाच आम्ही मोडून टाकली आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात ज्यांची नावं अभिमानानं घेतली आहेत, ती माणसं वचनफळ हाती न येताच मेली असं तिथेच लिहिलं आहे. आमच्या साक्षीच्या सभेत त्यांतल्या एकालाही बोलायला मिळालं नसतं.

सप्टेंबरात मंडळीची वार्षिक सभा आहे. तिथे मी तीन ठराव मांडणार आहे आणि अनुमोदनासाठी चार जणांशी बोलून ठेवलं आहे. पहिला, साक्षीच्या सभेत ज्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही त्यांनाही वेळ असावा आणि त्यांचं बोलणं मधे कोणी तोडू नये. दुसरा, बाहेरच्या उपदेशकाला बोलावण्याआधी पंचांनी त्याला स्पष्ट सांगावं की आजाऱ्याच्या विश्वासावर बोट ठेवायचं नाही आणि तारखा द्यायच्या नाहीत. तिसरा, 1950 च्या आदेशासंबंधी मंडळीच्या शिक्क्यानिशी दर वर्षी केंद्र सरकारला पत्र जावं आणि त्याची पोच दप्तरात लावावी. अप्पांच्या अर्जांच्या नकला माझ्यापाशी आहेत. मसुदा त्यावरूनच केला आहे.